बर्फघराच्या वहीतलं पान

"आठवत नाय म्हण. बस. त्याच्यापुढं एक अक्षर बोलू नको."

"पण आठवतंय की गो मला."

"तेच सांगते ना! आठवतंय तरी नाय म्हण. उद्या पालघरच्या चौकशीत साहेब विचारतील, ही सही तुमची? हो म्हण. कधी केली? आठवत नाय म्हण. अडुसष्ट वर्षांची बाई, कोण तुला फाशी देतंय?"

"साठ. अडुसष्ट तुझी सासू."

"आई, मस्करी नको."

"मस्करी कुठं? पहाटेच्या पाराला वही धरलीस माझ्यापुढं. मी इचारलं, पान वेगळं गो हे, लाल रेघ नाय याला. तू म्हणालीस, नवी वही हाय. शब्दनशब्द डोक्यात हाय. आता इसरू कसा?"

दीपालीनं हातातला पेला ओट्यावर आपटला. चहा सांडला, तो कोणीच पुसला नाही. आईच्या घरी ती आली की एरवी आधी पाय पसरून बसायची, मग बोलायची. आज ती आल्यापासून उभीच होती.

"मला धर्मेशभायनं पान दिलं. म्हणाले, वहीत सरकव, बायकांच्या सह्या घे, नुसती औपचारिकता हाय. मी सरकवलं. नोकर होते मी बर्फघरात. मालक नव्हते."

"मालक मी होते," पुष्पलता म्हणाली. "तुझा धर्मेशभाय नव्हता. मी, काशीबाय, ही सगळी आळी. दोनशे बारा मालक होतो आमी."

"हो, होतात! आता बघ जाऊन गेटवर कोणाची पाटी हाय."

"म्हणून तर सांगते. उद्या हेच सांग तिथं. धर्मेशनं पान दिलं म्हणून."

"आणि नीलेशचा टेम्पो कोणाच्या नावावर हाय, माहीत हाय ना? तुझा जावई कोणाचा माल वाहतो? परवा फोन आला होता धर्मेशभायचा. 'दीपाली, पालघरला आपण सगळे घरचेच असू ना?' एवढंच म्हणाले. हसून म्हणाले. तू 'आठवत नाय' म्हणालीस की सगळं तिथंच मिटतं. तू आठवलंस की पहिली मी."

पुष्पलतानं चष्मा काढून पदरानं पुसला.

पुष्पलता मारुती तामोरे मूळची एडवणची. अठराव्या वर्षी दांडी गावाला सून म्हणून आली ती डोक्यावर टोपली घेऊनच, असं तिची सासू सांगायची. मारुती दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. तो आणायचा वाटा, ही करायची बाजार. बोंबील वलांडीवर टांगावेत तर पुष्पलतानं. बांबूच्या त्या दांड्यांवर तोंडात तोंड अडकवलेल्या जोड्या ती अशा झरझर टाकत जायची की पोरं बघत उभी राहत. बोईसरच्या बाजारात तिच्याशी भाव करायला गिऱ्हाईक घाबरायचं. कारखान्यातून सुटलेल्या यूपीच्या कामगारांना ती हिंदीत दटावायची, "भाव नको करो, मच्छी शरमाती है." तेही हसत आणि घेत.

मारुती गेला तेव्हा दीपाली सहावीत होती. जाळं ओढायच्या यंत्रात हात सापडला, किनाऱ्याला आणेपर्यंत रक्त राहिलं नाही. पुष्पलता बारा दिवस घरात बसली. तेराव्या दिवशी मनोरच्या आठवडी बाजाराला गेली. बायका म्हणाल्या, इतक्या लवकर? ती म्हणाली, "बोंबलाला सुतक नसतं." सुक्या मासळीवर लेकीला तिनं बी.कॉम. केलं.

सुकं निभायचं, पण ओल्याचे हाल होते. खाडीला कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून जवळची मासळी आटली. बोटी लांब जाऊ लागल्या, मासळी उशिरा यायला लागली आणि बर्फाशिवाय एक दिवस निघेना. बर्फ होता बोईसरच्या एका व्यापाऱ्याकडे. तो आधी मोठ्या बोटींना द्यायचा. बायकांच्या वाटेला दुपारी उरलेला चुरा. एका मे महिन्यात पुष्पलतानं पापलेटची अख्खी पाटी वाळूत पुरली. पुरताना रडली नाही, शिव्या दिल्या. शिव्या देता देता म्हणाली, "आपलंच बर्फघर काढू."

गावातल्याच धर्मेशनं ते मनावर घेतलं. तांडेलाचा मुलगा, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाच्या घरचा. शिकलेला, चार कचेऱ्या फिरलेला. त्यानं सांगितलं, कंपनी काढता येते. मच्छीमारांचीच कंपनी, प्रत्येकाचा शेअर, प्रत्येकाला एक मत. कागद त्यानं केले. दारोदार फिरली पुष्पलता.

म्हाताऱ्या काशीबाईच्या ओटीवर बसून तिनं समजावलं होतं, ते अजून लोक सांगतात.

"शेअर म्हंजे काय गो?" काशीबाई.

"वाटा. बोटीत कसा जाळ्याचा वाटा, इंजिनाचा वाटा, माणसाचा वाटा? तसा बर्फघरात तुझा वाटा."

"आन् बुडली तर?"

"तर बुडाल्याचा पण वाटा."

"मंग नको मला."

"अगो बाय, तुझी पाटी रोज बुडते ती बर्फाशिवाय! तिथं वाटा घेतेस ना?"

काशीबाईनं आतून डबा आणला. मोजून दिले. परत म्हणाली, "तुझ्या तोंडावर देते हां, पुष्पे. त्या धर्मेशच्या नाय." अशा दोनशे बारा डब्यांची झाकणं पुष्पलताच्या तोंडावर उघडली.

बर्फघर उभं राहिलं. रस्त्याला लागून जागा घेतली, यंत्र आलं, वीज आली. बर्फाची पहिली लादी सरकत बाहेर आली तेव्हा बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि ते लगेच वाहून गेलं. धर्मेश अध्यक्ष झाला. सुरुवातीची वर्षं त्यानं जीव तोडून काम केलं, हे त्याचे शत्रूही नाकारत नाहीत. विजेच्या कचेरीत तो दिवस दिवस बसला. आणि बर्फघराच्या खिडकीत, खुर्चीवर, वही घेऊन बसायला नेमली दीपाली.

"माझी लेक खुर्चीवर बसते," पुष्पलता बाजारात सांगायची. "मी आयुष्यभर पाटावर."

त्या वहीची एक रीत पडली. उजाडायच्या आत बायका खिडकीशी रांग लावत. सभासदाला बर्फ आधी. नावापुढं सही करायची आणि सहीपुढं किती लाद्या ते लिहायचं. अर्धी, एक, दीड. ज्यांना सही यायची नाही त्या पुष्पलताकडून शिकल्या, आणि सहीबरोबर हे तीन शब्दही शिकल्या. हात लादीनं बधिर झालेले, बोटांतून पाणी गळतंय, त्या गारठ्यात बॉलपेन चालायचं नाही, म्हणून दीपाली निळं जेलपेन सुतळीला बांधून ठेवायची. सह्या थोड्या पसरत. रोज तेच. डोळे मिटून हात चालावा इतकं तेच.

कंपनीची वार्षिक सभा मात्र आक्रसत गेली. पहिल्या वर्षी धर्मेशनं अहवाल वाचून दाखवला, दोन तास. पुढं एक तास. मग "छापील वाटलाय, वाचा." मग छापीलही नाही. वडापाव यायचा, धर्मेश माइकवरून विचारायचा, "मंजूर?" आणि सगळ्या तोंडात वडा घेऊन म्हणायच्या, "मंजूर!"

एका वर्षी काशीबाई उभी राहिली. "धर्मेश, नफा झाला का नाय रं? वाटा कदी?"

धर्मेशनं उत्तर द्यायच्या आधी पुष्पलताच म्हणाली, "बस गो खाली. बोट दर्यात असताना तांडेलाला इचारायचं नसतं."

सगळ्या हसल्या. काशीबाई बसली. धर्मेशनं पुष्पलताकडं बघून हात जोडले. हे बोलणं पुष्पलतानं नंतर किती वेळा आठवलं, त्याचा हिशेब नाही. बोटीवर ते खरं असतं. वाऱ्यात, लाटेत तांडेलाशी हुज्जत घातली तर बोट जाते. पण बर्फघर जमिनीवर होतं. जमिनीवर दर्याचा नियम लावला तो तिनं स्वतः.

मग पुढं मोठं बंदर होणार अशा बातम्या आल्या आणि रस्त्याकडेच्या जागांना भलताच भाव चढला. त्या वर्षी पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत, बोटी वर ओढलेल्या असताना, बर्फघर "दुरुस्तीसाठी" बंद झालं. त्याला कोणी हरकत घेतली नाही. बंदीत बर्फ कोणाला हवाय?

बंदी उठली. पहिल्या दिवशी बायका नवी लुगडी नेसून, पाट्या घेऊन गेटवर गेल्या. कुलूप नवं होतं. पाटी नवी होती. आत बर्फाचं यंत्र नव्हतं, रिकाम्या लोखंडी चौकटी पडल्या होत्या. पहारेकरी नेपाळी होता आणि चांगला माणूस होता. तो म्हणाला, "अम्मा, यह तो बिक गया ना. आप लोगों ने ही बेचा है."

"आमी?"

"हाँ, मीटिंग किया था ना."

ज्या कंपनीला जागा विकली तिचा मालक धर्मेशचा मेव्हणा, हे गावाला कळायला तीन दिवस लागले.

बोईसरला मोबाइलच्या दुकानावर रूपल नावाच्या बाईचं कार्यालय आहे. कंपन्यांचे कायद्याचे कागद करते. पुष्पलता तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आमाला फुकटचं काय नको. फक्त बघायचंय, आमी कदी इकलं ते."

रूपल म्हणाली, "मावशी, हे फुकटचं नाहीच. सभासदाला सभेच्या कागदांची प्रत मागायचा हक्क आहे. अर्ज द्यायचा, प्रत घ्यायची. तुम्ही आजवर मागितली नाहीत?"

"नाय."

"तेरा वर्षांत एकदाही?"

पुष्पलता पदराच्या टोकाला गाठ मारत बसली.

प्रत आली. सभा झाली होती. तारीख शिमग्याच्या आधीच्या आठवड्यातली, दिवस मनोरच्या बाजाराचा. त्या दिवशी अर्धी दांडी मनोरला असते, हे शेंबडं पोरही सांगेल. जागा विकायचा ठराव एकमतानं मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक पुष्पलता मारुती तामोरे. आणि शेवटी हजेरीचं पान. बिनरेघी पान. निळ्या सह्या. पसरलेल्या.

पुष्पलता चष्मा लावून एकेक नाव बघत खाली आली. स्वतःच्या सहीपाशी थांबली. मग तिनं रूपलला विचारलं, "हे काय लिवलंय वाच बरं."

"अर्धी."

"आणि हिच्यापुढं?"

"एक. इथं... दीड." रूपलनं मान वर केली. "सभेच्या हजेरीत अर्धी, एक, दीड? हे काय आहे?"

"बर्फ," पुष्पलता म्हणाली.

सवयीनं हात पुढं गेला होता. सही केली, लाद्या लिहिल्या, पाटी उचलली. ज्यानं हे पान सभेच्या कागदांत घुसवलं त्यानं बर्फघरात उभं राहून कधी बर्फ घेतला नव्हता, म्हणून त्याला हे शब्द दिसले नसावेत. दीपालीला दिसले असणार. तिनं ते तसेच राहू दिले, घाईत की मुद्दाम, ते तिला कधी कोणी विचारलं नाही.

रूपलनं तक्रार केली. चौकशी लागली. सुनावणीसाठी पालघरला बोलावणं आलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी दीपाली आईकडं आली होती. पेला आपटून, चहा सांडून, ती उंबऱ्यात परत एकदा वळली होती.

"शेवटचं सांगते. दोनशे बाराजणींना जागा मिळंल का नाय, कोणाला माहीत. तुझी लेक जाईल, हे मात्र पक्कं."

"आणि मी खोटं बोलले तर ती जागा पण गेली. त्यांनी माझ्या तोंडावर डबे उघडले, दीपाली."

"मी पण तुझ्याच पोटची हाय."

"म्हणून तर म्हणते, तू सांग. मला नको सांगायला लावू."

दीपाली निघून गेली.

पालघरची खोली लहान होती. खुर्च्या चाळीस, बायका साठ. सवयीनं सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. शिपाई म्हणाला, "अहो, देऊळ नाही हे." कोणी परत घातल्या नाहीत. एका बाजूला धर्मेश, त्याचा वकील, आणि त्यांच्या शेजारी दीपाली, मांडीवर फाइल. ती कंपनीची कर्मचारी होती. तिची जागा तिकडंच होती.

चौकशी अधिकारी पन्नाशीचा, सर्दी झालेला माणूस होता. त्यानं नाव पुकारलं. पुष्पलता पुढं गेली.

"ही सही तुमची?"

"माजीच."

"कुठे केली?"

पंखा गरगरत होता. दीपाली फाइलची नाडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"बर्फघराच्या खिडकीवर," पुष्पलता म्हणाली. "सकाळी पाचला. बर्फ घेताना."

नाडी थांबली.

वकील उठला. "इतक्या महिन्यांपूर्वीची सही नेमकी कुठे केली, हे आठवतं तुम्हाला?"

"मला आठवायची गरज नाय. सहीपुढं वाचा. अर्धी लिवलंय. अर्धी लादी नेली मी."

वकिलानं कागद पाहिला. मग म्हणाला, "साहेब, अर्धी म्हणजे अर्धा वेळ उपस्थित. काही सभासद सभेतून मधेच गेल्या."

मागून काशीबाई उठली. काठी आपटत म्हणाली, "मी दीड लिवलंय! मी सभेला दीड आली काय रं? या वयात माज्या पोटात कोण होतं?"

खोली फुटली. साठ बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शिपाई हसला. अधिकाऱ्यानंही रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. धर्मेश हसला नाही. दीपाली हसली नाही.

अधिकारी सावरला. "म्हणजे हे पान बर्फाच्या वहीतून आलं. वही कोणाकडे असायची?"

हसू विझलं. आता सगळ्या पुष्पलताकडं बघत होत्या. कित्येकींना उत्तर ठाऊक होतं. पण ते सांगणं तिचं होतं.

"माज्या लेकीकडं," ती म्हणाली. "दीपालीकडं. तिनंच धरली माज्यापुढं."

"तिला पान कोणी दिलं?"

"धर्मेशनं."

"तुम्ही पाहिलंत?" वकील.

"लेकीनं सांगितलं."

"म्हणजे ऐकीव."

तेव्हा धर्मेश उभा राहिला. हात जोडून, मान खाली घालून. सभेत पुष्पलताकडं बघून जोडायचा, तसेच हात.

"साहेब, मला हे आज पहिल्यांदा कळतंय. सह्या गोळा करायचं काम मी या मुलीवर सोपवलं होतं. घरची मुलगी म्हणून विश्वास टाकला. तिनं सभेच्या सह्या अशा घेतल्या असतील, तर मंडळ तिच्यावर कारवाई करील. काकी, तुमच्यासाठी मला वाईट वाटतं."

पुष्पलता त्याच्याकडं बघत राहिली. खरं बोलायला ती आली होती. खरं बोलली होती. त्या खऱ्यानं धर्मेशला हातही लावला नव्हता. ते सरळ तिच्या लेकीच्या मांडीवर जाऊन पडलं होतं.

अधिकारी दीपालीकडं वळला. आवाज कडक नव्हता. "बाई, तुमचं म्हणणं नोंदवतो. हे तुम्ही स्वतःहून केलंत, की कोणाच्या सांगण्यावरून? तुम्ही सांगितलंत, तर विक्री कोणी घडवून आणली ते पुढे तपासता येईल. नाही तर आज तरी हे प्रकरण तुमच्यापाशीच थांबतं."

दीपाली उठली. तिनं धर्मेशकडं पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

"सांग गो," पुष्पलता म्हणाली. "काल मला सांगितलंस ना, तेच सांग."

दीपालीनं आईकडं पाहिलं. पुष्पलताचे दोन्ही हात पुढं आले होते, पाटी उतरवून घ्यायला शेजारणीपुढं यावेत तसे.

"दीपाली, सायेब थांबलेत. सांग."

दीपालीनं फाइल टेबलावर ठेवली. नाडी नीट बांधली, दुहेरी गाठ मारली, रोज मारायची तशी. मग ती बायकांच्या रांगेतून निघाली. एकेकीनं पाय आत घेतले. काशीबाईनं तिच्या ओढणीचं टोक धरलं. तिनं ते हलकेच सोडवून घेतलं.

"दीपाली!"

दाराबाहेर साठ जोड्यांचा ढीग होता. तिनं वाकून त्यातून आपल्या चपला शोधल्या, पायात घातल्या, आणि मागं न बघता जिना उतरून गेली.